सव्वा महिना कुणाचा?

‘पिशवी काढली.’

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडीच्या गावांत एवढे दोन शब्द पुरतात. कसली पिशवी, असं कुणी विचारत नाही. तिशी-पस्तिशीतल्या बाईनं हे सांगावं आणि ऐकणारीनं ‘माझीबी काढली’ म्हणावं, इतकं ते नेहमीचं होऊन गेलं होतं. २०१९ मध्ये ही गोष्ट गावांबाहेर पडली. वर्तमानपत्रांत आली, विधिमंडळात गेली. राज्य सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. शंभरात जवळपास १७. त्याआधीच्या, म्हणजे २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये देशभरात हेच प्रमाण शंभरात सुमारे ३ होतं. दोन पाहण्या वेगळ्या, त्यामुळे तुलना काटेकोर नाही. पण फरक इतका मोठा आहे की आकड्यांचा घोळ म्हणून तो सोडून देता येत नाही.

तेव्हा जी चर्चा झाली, तिच्यात दोन आवाज मोठे होते. एक म्हणत होता, डॉक्टरांनी पैशासाठी बायकांना भीती घातली. दुसरा म्हणत होता, बायकांनीच मागणी केली, कागदावर त्यांच्या सह्या-अंगठे आहेत, मग जबरदस्ती कुठे झाली? दोन्ही आवाज एकच गोष्ट शोधत होते: दोषी माणूस. तो सापडला की प्रकरण मिटलं.

मला त्याच्या अलीकडचा एक प्रश्न पडतो. जिच्याकडे थांबायला वेळच नाही, तिच्या होकाराला होकार म्हणायचं का?

या प्रश्नाचं उत्तर शोधताना मला सगळ्यात जास्त मदत झाली ती नीतिशास्त्राच्या पुस्तकांची नाही, तर जीवरसायनशास्त्राची. कारण ज्या अवयवाबद्दल आपण बोलतोय, तो काय करतो आणि त्याला किती वेळ लागतो, हे आधी माहीत पाहिजे. तेवढं एक वळण घेऊ आणि परत फडावर येऊ.

तीन पेडांचा दोर

आपलं शरीर पेशींचं बनलेलं असतं हे शाळेत शिकलो. पण नुसत्या पेशी म्हणजे सिमेंटशिवाय विटा. त्यांना धरून ठेवणारं, आकार देणारं, ताण सोसणारं जे काही असतं, त्याला पाठ्यपुस्तकात ‘संयोजी ऊती’ म्हणतात. कातडी, स्नायुबंध, कूर्चा, हाडाचा सांगाडा, अवयवांना जागेवर धरणाऱ्या पट्ट्या, सगळं यात आलं. आणि या सगळ्याचा मुख्य धागा म्हणजे कोलॅजन नावाचं प्रथिन. चामड्याची वादी तुटत नाही ती कोलॅजनमुळे. कातडी-हाडं उकळून सुतार सरस करायचे, तो सरसही मुळात कोलॅजनच.

कोलॅजनचा रेणू दिसतो कसा, याचा उलगडा करण्यात एका भारतीयाचा मोठा वाटा आहे. १९५४-५५ मध्ये मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी दाखवलं की तीन साखळ्या एकमेकींभोवती पीळ घालून हा रेणू बनतो. आपल्या भाषेत, तीन पेडांचा दोर. त्या पिळामुळे तो इतका घट्ट असतो की पोटात अन्न पचवणारी साधी विकरंही, म्हणजे एन्झाइम्स, त्याला सहज तोडू शकत नाहीत.

मग प्रश्न असा, की शरीराला स्वतःचाच हा दोर तोडायचा असेल तर? आणि तोडावा तर लागतोच. बेडकाच्या पिल्लाचं शेपूट जातं कुठे? ते गळून पडत नाही, आतल्या आत विरघळतं. १९६२ मध्ये अमेरिकेत जेरोम ग्रॉस आणि चार्ल्स लापिएर यांनी याच शेपटाच्या कातडीचे बारीक तुकडे कोलॅजनच्या थरावर ठेवले. तुकड्यांभोवतीचा थर विरघळत गेला. शरीराची स्वतःची, कोलॅजन कापणारी कात्री पहिल्यांदा हाती लागली. तिला कोलॅजिनेज म्हणतात.

त्याच सुमारास फ्रेडरिक वोसनर नावाचा एक जीवरसायनशास्त्रज्ञ दुसऱ्या एका अवयवाच्या मागे लागला होता. १९६१ मध्ये त्यानं ऊतींमधलं हायड्रॉक्सिप्रोलीन मोजण्याची पद्धत प्रसिद्ध केली. हा घटक शरीरात जवळपास फक्त कोलॅजनमध्येच सापडतो, त्यामुळे तो मोजला की कोलॅजन किती आहे ते कळतं. जगभरच्या प्रयोगशाळांनी ती पद्धत उचलली. १९६२ मध्ये वोसनरनं तीच मोजपट्टी लावली बाळंत झालेल्या उंदरिणीच्या गर्भाशयाला.

त्याला दिसलं ते थक्क करणारं होतं. गरोदरपणात भरपूर वाढलेलं कोलॅजन बाळंतपणानंतर अवघ्या काही दिवसांत बहुतांश नाहीसं होत होतं. प्रौढ शरीरात एरवी कोलॅजन हळूहळूच बदलतं. काही ठिकाणी तर वर्षानुवर्षं तेच राहतं. गर्भाशयात मात्र ते झपाट्यानं मोडलं जातं, आणि तेही कसलीही जखम, कसलाही आजार नसताना. वोसनरनं पुढची कित्येक वर्षं ही मोडणारी विकरं शोधण्यात घालवली. त्यांतलं एक त्याला उंदरिणीच्या गर्भाशयातच सापडलं आणि त्याचं नावही मातेवरून पडलं: मॅट्रिलायसिन.

मोडण्याची शिस्त

या विकरांच्या गोष्टीत मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते त्यांचं कापणं नाही, त्यांच्यावरचा आवर.

ही विकरं पेशीतून बाहेर पडतात ती झाकण लावूनच. रेणूचाच एक तुकडा त्यांचं तोंड बंद करून बसलेला असतो. तो निघाल्याशिवाय कात्री चालत नाही. शिवाय आसपासच्या पेशी त्यांना अडवणारी प्रथिनंही सोडत असतात. म्हणजे कापणारा आणि अडवणारा दोघं शेजारी-शेजारी राहतात. आणि जिथे जुना धागा मोडला जातो, तिथेच नवा विणण्याचं कामही सुरू असतं. हा तोल बिघडला की संधिवातात कूर्चा झिजते, कर्करोगाच्या पेशींना शेजारच्या ऊतीत घुसायला वाट मिळते. विकर तेच. फरक पडतो तो आवर असण्या-नसण्याचा.

गर्भाशयात ही शिस्त किती कसाला लागते बघा. बाई गरोदर नसताना गर्भाशयाचं वजन साधारण ६० ते ७० ग्रॅम असतं, मुठीएवढं. नऊ महिने भरताना ते किलोभराच्या आसपास जातं. बाळंतपणानंतर आठवडाभरात ते निम्म्यावर येतं आणि सुमारे सहा आठवड्यांत पुन्हा जवळपास मूळ आकारावर. स्नायूंच्या पेशी आक्रसतात, जास्तीचं कोलॅजन विकरं मोडून टाकतात. या काळात ओटीपोटातल्या अवयवांना धरून ठेवणाऱ्या, ताणून सैल झालेल्या पट्ट्याही सावरत असतात. दर महिन्याच्या पाळीतही याचीच लहान आवृत्ती घडते: आतला थर मोडतो, बाहेर पडतो आणि व्रण न राहता पुन्हा तयार होतो.

हे सगळं शरीर आपापलं करतं. त्याला औषध लागत नाही, पैसा लागत नाही. लागतो तो वेळ.

सहा आठवडे म्हणजे बेचाळीस दिवस. आपल्या आज्या-पणज्यांना कोलॅजन माहीत नव्हतं, पण बाळंतिणीचा सव्वा महिना माहीत होता. जड उचलायचं नाही, पाण्यात हात घालायचे नाहीत, शेक-शेगडी, मालीश, डिंकाचे-अळिवाचे लाडू. सव्वा महिन्याला विटाळाची, कोंडून ठेवण्याची बाजूही होती. ती गेली तर कुणाला वाईट वाटायचं कारण नाही. पण त्याच्या पोटात एक साधी गोष्ट होती: या बाईच्या शरीराचं आत काही काम चाललंय, ते होईपर्यंत बाहेरचं काम तिला सांगायचं नाही. प्रयोगशाळेची मोजपट्टी आणि घरातली चाल, दोन्हींचा हिशोब जवळपास एकाच आकड्यावर येतो.

खाडा

आता फडावर येऊ.

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडच्या धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार या भागांतून टोळ्या निघतात. सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर, पुणे, नगर, सीमेपलीकडे कर्नाटक. पाच-सहा महिने कोपीत राहायचं, उन्हाळा लागता परत यायचं. हिशोबाचं एकक माणूस नसतं, ‘कोयता’ असतं. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकट्याचा तो अर्धा कोयता. निघण्याआधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती तोडणीतून फेडायची असते. हंगाम संपला तरी पुष्कळदा फिटत नाही, मग पुढच्या वर्षीचा हंगामही आधीच बांधला जातो.

पहाटे फड गाठायचा, तोडायचं, साळायचं, मोळ्या बांधायच्या आणि डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं. ट्रक रात्री आला तर रात्री भरायचा. कोपीजवळ संडास नसतो, न्हाणीला आडोसा नसतो, पाणी लांबून आणायचं. पाळीच्या दिवसांत कापड बदलायला, धुवायला, वाळवायला जागा नाही. याच अवस्थेत अंगावरून पांढरं जातं, ओटीपोट दुखतं, पाळीत जास्त जातं. बाळंतपणानंतर सावरायला वेळ न मिळालेल्या शरीरावर रोज मोळ्यांचं वजन पडलं, तर अंग बाहेर येण्याचा धोका वाढतो.

यांतल्या बहुतेक तक्रारींवर गर्भाशय काढण्याआधी करण्यासारखं पुष्कळ असतं. जंतुसंसर्गाला गोळ्या, रक्तस्रावाला औषधं, अशक्तपणाला लोह, अंग बाहेर येत असेल तर आधार देणारी रिंग आणि व्यायाम. पण या प्रत्येक उपायाला एक गोष्ट लागते. दवाखान्याच्या दोन-तीन खेपा आणि काही दिवस विश्रांती.

आणि नेमकी तीच गोष्ट फडावर सगळ्यात महाग असते. एक दिवस काम बुडलं की तो ‘खाडा’. दिवसाची कमाई तर जातेच, वर दंडही लागतो. २०१९ च्या बातम्यांमध्ये तो दिवसाला ५०० रुपये असा आला होता. बाई बसली की कोयता अर्धा होतो, म्हणून खाडा जोडीवर पडतो. पाळीचे दोन-तीन दिवस जरी धरले तरी हंगामात दर महिन्याला ते येणारच. म्हणजे शरीराचा जो नेमच आहे, तो इथे दंडाला पात्र ठरतो.

होकाराचा हिशोब

आता त्या सहीकडे, त्या अंगठ्याकडे बघू.

‘बिचाऱ्या अडाणी बायका, त्यांना फसवलं’ असं म्हणणं सोपं आहे. काहींना फसवलंही असेल. ‘काढली नाही तर कॅन्सर होईल’ असं सांगितल्याचं अनेक जणींनी तेव्हा बोलून दाखवलं होतं. पण सगळ्यांनाच फसवलं गेलं असं म्हणण्यात त्या बायकांचा अपमान आहे. आपल्या आयुष्याचा हिशोब त्यांना आपल्यापेक्षा चांगला कळतो. हंगाम नसताना एकदा ऑपरेशन केलं की पाळी नाही, दुखणं नाही, खाडा नाही, गरोदर राहायची भीती नाही. उलट दर हंगामात औषधं आणि खाडे काढत बसायचं, तर उचल कधी फिटायची? समोर ठेवलेल्या दरांप्रमाणे बघितलं तर तिचं गणित बरोबर आहे.

अडचण गणितात नाही. अडचण दरात आहे. आजारी पडण्याच्या एका दिवसाला एवढी किंमत कुणी लावली? ती तिनं लावलेली नाही. तिसरी वस्तू आधीच उचलून ठेवून दोनच वस्तू तिच्यासमोर मांडल्या, आणि तिनं एक उचलली की आपण म्हणतो, बघा, तिनंच निवडली. होकार हा शब्द आपण इतका सैल वापरतो की त्यात ‘दुसरं काय करणार’ हेही बसतं.

आपली नेहमीची नैतिक समज अशा वेळी गोंधळते, कारण तिला जबरदस्ती करणारा चेहरा लागतो. इथे चेहरा कुणाचा? मुकादम म्हणतो, मीच कारखान्याचा देणेकरी आहे, टोळी पळाली तर माझं घर जातं. कारखाना म्हणतो, त्या आमच्या कामगारच नाहीत, आमचा करार मुकादमाशी. डॉक्टर म्हणतो, तक्रार होती, मागणी होती, सही आहे. नवरा म्हणतो, कर्ज मी एकट्यानं थोडंच काढलंय. प्रत्येकानं फक्त आपापला एक घाव घातला आहे, आणि तो एकटा बघितला तर फार मोठाही वाटत नाही.

इथे मला कोलॅजिनेजची एक खोड आठवते. त्या घट्ट पिळाच्या दोराला ते जागोजागी कापत नाही. तीनही पेड एका ठरावीक ठिकाणी तोडतं, बस. दोराचे दोन तुकडे होतात, एक मोठा, एक लहान. पुढचं काम विकराला करावंच लागत नाही. तुकड्यांचा पीळ शरीराच्या नेहमीच्या उष्णतेनंच सुटत जातो, आणि सुटलेले पेड मग कुणीही खावेत. दोर अखंड असताना हीच उष्णता त्याला काही करू शकत नव्हती.

फडावरच्या बाईच्या बाबतीत आपण घाव कुणी घातला ते शोधत बसतो आणि ती ऊब विसरतो, जिच्यात पुढचं सगळं आपोआप घडतं. उचल, खाडा, कोपी, चौदाव्या-पंधराव्या वर्षी झालेलं लग्न, जवळ नसलेला सरकारी दवाखाना. त्यातली कुठलीही एक गोष्ट कुणाचं गर्भाशय काढत नाही. पण त्या सगळ्यांत राहणारी बाई दवाखान्यात पोचते तेव्हा निर्णय बराचसा झालेला असतो.

उपमा इथेच सोडलेली बरी. विकराला कळत नसतं, माणसांना कळतं. मुकादमाला, कारखान्याला, डॉक्टरला, पाच रुपयांच्या पुड्यातली साखर चहात टाकणाऱ्या आपल्यालाही. ‘सगळेच थोडे-थोडे दोषी’ याचा अर्थ ‘कुणीच दोषी नाही’ असा होत नाही. ज्याला जितकं थांबवता आलं असतं, तितकी त्याची जबाबदारी. या मापानं दवाखान्यातल्या माणसाची जबाबदारी मोठीच आहे, कारण बाईच्या आणि सुरीच्या मध्ये शेवटी तोच उभा असतो. पण त्यानं नुसता नकार दिला आणि ती तशीच रक्तस्राव घेऊन फडावर परत गेली, तर त्याचे हात स्वच्छ राहिले एवढंच झालं. तिच्या हाती काय आलं?

म्हणून माझं म्हणणं असं: वेळ ही होकाराची अट आहे. विचार करायला वेळ, दुसरा उपाय करून बघायला वेळ, बरं व्हायला वेळ. तो नसताना दिलेला होकार खोटा नसतो, पण अपुरा असतो. आणि त्या अपुरेपणाचा जाब ज्यांनी वेळ काढून घेतला त्यांना विचारला पाहिजे. जिनं सही केली तिला नव्हे.

काढल्यानंतर

एक गोष्ट स्पष्ट करतो. गर्भाशय काढणं हे मुळात वाईट, असं मी म्हणत नाही. कर्करोग, मोठ्या गाठी, न थांबणारा रक्तस्राव यांत ही शस्त्रक्रिया जीव वाचवते. ‘मातृत्व हिरावलं’ हा सूरही मला पटत नाही. यांतल्या बहुतेक जणींना मुलं होती, आणि बाईची किंमत तिच्या गर्भाशयावरून ठरवायची सवय आपण मोडायला हवी. आक्षेप वेगळा आहे. ज्या कामासाठी पिशवी काढली, ते काम करणारं शरीरच त्यामुळे खचू शकतं.

पुष्कळदा गर्भाशयाबरोबर अंडाशयंही काढली जातात. मग इस्ट्रोजेन एकदम तुटतं. या संप्रेरकाचं एक काम हाडांशी असतं. हाड म्हणजे कोलॅजनच्या जाळीत बसवलेले क्षार. तिथेही जुनं मोडणाऱ्या पेशी आणि नवं घडवणाऱ्या पेशी सतत काम करत असतात. मोडणाऱ्या पेशींकडे कोलॅजन कापणारं त्यांचं स्वतःचं विकर असतं, कॅथेप्सिन के. इस्ट्रोजेन या मोडणाऱ्यांना आवर घालतं. ते पन्नाशीत हळूहळू कमी होणं वेगळं आणि तिशीत एका दिवसात जाणं वेगळं. आवर गेला की मोडणं घडण्याच्या पुढे जातं, हाडं ठिसूळ होतात. अंडाशयं ठेवली तरी पाळी जाण्याचं वय काही वर्षांनी अलीकडे येऊ शकतं.

समितीपुढे आलेल्या तक्रारी यादृष्टीनं वाचायला हव्यात. ऑपरेशन झालेल्यांपैकी खूप जणींनी नंतर शारीरिक-मानसिक त्रास सुरू झाल्याचं सांगितलं. पाठ, सांधे, झोप, चिडचिड. म्हणजे खाडे वाचवायला जे केलं, त्यानं पुढच्या वर्षांचे खाडे लिहून ठेवले. फक्त तेव्हाचा दंड कुठल्या वहीत दिसत नाही.

नुसता आवर पुरत नाही

२०१९ नंतर बीडमध्ये नियम झाला की गर्भाशय काढण्याआधी खासगी दवाखान्यांनी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्याची मार्गदर्शक तत्त्वं सगळ्या राज्यांनी अमलात आणावीत असं सांगितलं. हे हवंच होतं. सुरीला झाकण पाहिजे.

पण विकरांच्या इतिहासात इथेही एक धडा आहे. कोलॅजन मोडणारी विकरं कर्करोगाला वाट करून देतात हे कळल्यावर १९९० च्या दशकात ती सरसकट बंद करणारी औषधं बनवली गेली. मॅरिमास्टॅट त्यांतलं गाजलेलं. फार आशा होत्या. चाचण्यांमध्ये रुग्णांचे स्नायू-सांधे दुखू लागले आणि अपेक्षित फायदाही दिसला नाही. ज्या विकरांना शत्रू मानलं, त्यांची रोजची कामंही त्या औषधानं बंद पाडली होती. नुसतं अडवल्यानं तोल येत नसतो.

परवानगीचा नियमही एकटाच राहिला तर तसाच ठरेल. जिला खरंच शस्त्रक्रिया हवी आहे तिला आणखी एक खेप, आणखी एक खाडा. आणि जिला नको होती, तिला फक्त ‘नाही’. तिला तो सहा महिन्यांचा हंगाम तसाच, त्याच कोपीत, त्याच मोळीखाली काढायचा आहे. आवर घालणाऱ्यानं सोबत काहीतरी विणायलाही घेतलं पाहिजे: फडाजवळ पाणी आणि आडोसा, टोळीपर्यंत येणारी नर्स, आणि खाडा न धरता मिळणारे आजारपणाचे दिवस.

मालकी

हे शेवटचं कुणाला फार मोठं मागणं वाटेल. म्हणून एक कायदा आठवावा. १९६१ चा मातृत्व लाभ कायदा. ज्या वर्षी वोसनर कोलॅजन मोजायची पद्धत छापत होता, त्याच वर्षीचा. त्याच्या चौथ्या कलमात म्हटलं होतं की बाळंतपण किंवा गर्भपात झाल्यापासून सहा आठवडे मालकानं त्या बाईला कामावर लावू नये. २०१७ पासून याच कायद्यानं पगारी रजा २६ आठवड्यांवर नेली. तुमच्या-माझ्या ओळखीतल्या बँकेतल्या, शाळेतल्या, आयटी कंपनीतल्या मुली ती घेतात आणि घ्यावीच.

म्हणजे सहा आठवड्यांची गोष्ट कुणाला माहीत नव्हती असं नाही. प्रयोगशाळेनं ती मोजली होती, घरानं पाळली होती, संसदेनं लिहिली होती. ऊसतोडीच्या बाईपर्यंत ती पोचली नाही, कारण कारखान्याच्या हजेरीपटावर तिचं नाव नसतं. तिचा करार तोंडी, तोही नवऱ्याच्या नावानं, मुकादमाशी. कायद्याला मालक लागतो आणि इथे मालक म्हणून कुणी उभंच राहत नाही. उसाच्या वजनाची पावती मात्र किलोपर्यंत चोख असते.

पुण्यातल्या कार्यालयात काम करणारीच्या आणि धारूरहून निघालेल्या बाईच्या शरीरात तीच विकरं आहेत, तोच तीन पेडांचा दोर, तेच बेचाळीस दिवस. निसर्गानं या बाबतीत भेदभाव केलेला नाही. एकीचा तो वेळ तिच्या मालकीचा मानला आहे आणि दुसरीचा तो वेळ उचलीबरोबर आधीच विकला गेलेला आहे, एवढाच फरक. तो आपण केलेला आहे.

यंदाही दिवाळी झाली की ट्रॅक्टर भरतील. भांडी, पांघरुणं, कोंबड्या, पोरं आणि एखादी ओली बाळंतीण. ‘तुझी सही आहे का’ हे तिला पुढे कुणीतरी विचारेलच. त्याच्या आधी विचारायचा प्रश्न तिला नाही, तिला घेऊन जाणाऱ्यांना आहे: हिचा सव्वा महिना झाला का?